इंटरनेट कॉल रेकॉर्ड झाला, पण समोरच्याचा आवाजच नाही

कॉल तासभर चालला, गप्पा रंगल्या, रेकॉर्डरचा तांबडा ठिपका शेवटपर्यंत लुकलुकत होता. नंतर फाइल उघडली, तर तिच्यात फक्त आपलंच ‘हो का’, ‘बरं’, ‘मग पुढे?’ आणि मधे लांबच लांब शांतता. ज्यांचं बोलणं टिपायचं होतं ते गायब. दिवाळी अंकांसाठी मुलाखतींचं शब्दांकन करणाऱ्या आम्हा मंडळींत पावसाळा लागला की ही तक्रार हमखास ऐकू येते. परदेशातल्या आत्या-मामांकडून घरच्या जुन्या आठवणी काढून घेऊ पाहणाऱ्यांची तर ती बारमाही आहे.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर उतरवणं. मग तिसरं. त्यातलं एखादं फुकटचं ‘कॉल रेकॉर्डर’ ब्राउझरमध्ये नको ते घुसवून बसतं आणि आवाज तरीही एकाच बाजूचा येतो. कारण दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतोच. समोरच्याचा आवाज एका वाटेने चाललेला असतो आणि रेकॉर्डर भलत्याच वाटेवर बसवलेला असतो.

तुमचा आवाज माइकमधून कॉम्प्युटरच्या आत येतो. समोरच्याचा आवाज इंटरनेटवरून येतो आणि स्पीकर किंवा हेडफोनमधून बाहेर पडतो. विंडोजच्या लेखी ही दोन स्वतंत्र उपकरणं आहेत. साधे रेकॉर्डर, त्यात विंडोजसोबत येणारा साउंड रेकॉर्डरही आला, फक्त माइककडे कान लावून बसतात. तुम्ही हेडफोन लावलात की समोरच्याचा आवाज थेट तुमच्या कानात जातो, माइकला त्याचा पत्ताही लागत नाही. स्पीकर उघडा ठेवला तर माइकला तो ऐकू जातो, पण खोलीभर घुमून, पंख्याच्या घरघरीसकट.

स्काइपवर ही भानगड कधी जाणवली नाही, कारण २०१८ पासून रेकॉर्डिंगची सोय त्याच्या पोटातच होती. कॉल ज्या ॲपमध्ये, तेच रेकॉर्ड करणार, त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप यायच्या. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. बरेच जण व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप कॉलकडे वळले आणि तिथे रेकॉर्डचं बटणच नाही. म्हणजे रेकॉर्डर बाहेरून लावणं आलं, आणि त्याच्यासोबत हा सगळा घोळ.

आधी हिरव्या पट्ट्या बघा

काहीही उतरवण्याआधी हे करा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात साउंड, तिथे खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. (विंडोज १० मध्ये हीच गोष्ट ‘साउंड कंट्रोल पॅनल’ नावाने आहे.) एक छोटीशी, जुन्या वळणाची खिडकी उघडते. तिच्यात प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग असे दोन टॅब असतात. आता घरातल्याच कुणाला तरी दुसऱ्या खोलीतून कॉल लावायला सांगा आणि बोलत राहायला सांगा. प्लेबॅक टॅबमध्ये प्रत्येक उपकरणासमोर एक उभी पट्टी दिसेल. समोरचा बोलतो तेव्हा जी पट्टी हिरवी होऊन नाचते, तिच्यातून त्याचा आवाज चाललाय. मग रेकॉर्डिंग टॅबमध्ये जा आणि तुम्ही बोला. तिथे नाचते ती पट्टी तुमच्या खऱ्या माइकची. ही दोन नावं कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्या. पुढचं सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे.

इथेच या दुखण्याचं मूळही सापडतं. नीट पाहिलंत तर एका उपकरणावर हिरव्या गोलात बरोबरची खूण असते आणि कधीकधी दुसऱ्याच एखाद्यावर हिरव्या गोलात फोनचा रिसीव्हर असतो. पहिलं ‘डीफॉल्ट डिव्हाइस’, दुसरं ‘डीफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’. गाणी, यूट्यूब, सिनेमे पहिल्यातून वाजतात. कॉलची ॲप्स पुष्कळदा दुसऱ्यातून बोलतात. म्हणून होतं काय, आपण यूट्यूबवर काहीतरी लावून चाचणी घेतो, रेकॉर्डिंग झकास होतं, निर्धास्त होऊन कॉल लावतो आणि फाइलमध्ये शांतता. यूट्यूबवरची चाचणी या कामात काहीच सिद्ध करत नाही. चाचणी कॉलचीच हवी, त्याच ॲपमध्ये आणि तोच हेडफोन लावून.

दोन्ही खुणा एकाच उपकरणावर आणा. त्या नावावर राइट-क्लिक केलं की दोन्ही पर्याय दिसतात. शिवाय कॉलच्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन माइक आणि स्पीकर नावानिशी निवडा, ‘डीफॉल्ट’वर सोडू नका. ‘गेल्या महिन्यात नीट चालत होतं, आता का नाही?’ याचं उत्तर बहुतेक वेळा या ‘डीफॉल्ट’मध्येच असतं. मधे कुणीतरी टीव्ही एचडीएमआयने जोडलेला असतो, मुलाने त्याचे ब्लूटूथ इअरबड्स लावलेले असतात, किंवा हेडफोनची यूएसबी पिन दुसऱ्या खाचेत गेलेली असते. विंडोज आपल्या मनाने डीफॉल्ट बदलतं आणि कुणाला सांगत नाही.

रेकॉर्डर कुठला

ओबीएस स्टुडिओ. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. मुळात तो व्हिडिओ प्रक्षेपणासाठी केलेला असल्याने पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं. तरी दुसरा पर्याय शोधत बसू नका. दोन्ही वाटा एकाच वेळी आणि वेगवेगळ्या ट्रॅकवर (म्हणजे एकाच फाइलमधल्या आवाजाच्या सुट्या थरांवर) टिपणं हे आपलं नेमकं काम तो निमूटपणे करतो.

त्याच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ पानावर ‘डेस्कटॉप ऑडिओ’ समोर कागदावरचं पहिलं नाव निवडा आणि ‘माइक/ऑक्झिलिअरी’ समोर दुसरं. इथेही ‘डीफॉल्ट’ ठेवायचं नाही. मग आउटपुट पानावर मोड ‘ॲडव्हान्स्ड’ करा आणि रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये ऑडिओ ट्रॅक १, २ आणि ३ वर टिक करा. आता ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’ उघडा. डेस्कटॉप ऑडिओला ट्रॅक १ आणि २ द्या, माइकला १ आणि ३. म्हणजे पहिल्या ट्रॅकवर दोघांचं एकत्र संभाषण, दुसऱ्यावर फक्त समोरचा, तिसऱ्यावर फक्त तुम्ही.

पहिल्या ट्रॅकवर दोघं असणं महत्त्वाचं आहे. काही जण नीटनेटकेपणाच्या हौसेने एका ट्रॅकवर एक आणि दुसऱ्यावर दुसरा असं ठेवतात. व्हीएलसीसारखा प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवतो, सहसा पहिला. मग ‘माझा आवाज आलाच नाही’ म्हणून पुन्हा बोंबाबोंब! फाइलमध्ये तो असतो, फक्त प्लेअरच्या ऑडिओ मेनूत जाऊन ट्रॅक बदलावा लागतो. तुमची एखादी जुनी फाइल अशी एकतर्फी वाटत असेल तर फेकून देण्याआधी हे तपासा.

त्याच खिडकीत ‘ऑडिओ मॉनिटरिंग’ नावाचा रकाना असतो. तो ‘मॉनिटर ऑफ’ वरच असू द्या. तो चालू झाला की तुमचाच आवाज तुमच्या हेडफोनमध्ये येतो, तिथून डेस्कटॉप ऑडिओमध्ये शिरतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही जोडीने बोलता.

फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. एमपी४ फाइल शेवटी नीट बंद झाली नाही तर बहुधा उघडतच नाही. वीज गेली, कॉम्प्युटर अडकला की तासभराचं काम पाण्यात. एमकेव्हीमध्ये वीज जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. यूपीएस नसलेल्या घरात या एका निवडीची किंमत एखाद्या दुपारी कळते.

ऑडॅसिटी का नाही?

हा प्रश्न येतोच, कारण पुष्कळांकडे हे सॉफ्टवेअर आधीपासून असतं आणि आवाजाच्या कापाकापीसाठी खरंच उत्तम आहे. पण ते एका वेळी एकाच उपकरणावरून रेकॉर्ड करतं. माइक निवडला तर तुम्ही. ऑडिओ होस्ट ‘विंडोज वासापी’ करून हेडफोनच्या नावापुढे ‘लूपबॅक’ लिहिलेला पर्याय निवडला तर फक्त समोरचा. दोघं एकदम नाहीत. त्यात लूपबॅकची एक खोड आहे. कॉम्प्युटरमधून काहीच वाजत नसेल तर रेकॉर्डिंग तिथेच थबकतं आणि आवाज आला की पुढे सरकतं, त्यामुळे मधल्या शांततेची वेळ फाइलमधून गळून जाते. माइकची वेगळी केलेली फाइल मग तिच्याशी जुळत नाही.

जुन्या लेखांत ‘स्टिरिओ मिक्स’ चालू करा असा सल्ला असतो. रेकॉर्डिंग टॅबमध्ये मोकळ्या जागी राइट-क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’ केलं की काही मशीनवर ते अजूनही उगवतं. पण ते मदरबोर्डवरच्या साउंड चिपचं असतं. तुमचा हेडफोन यूएसबी किंवा ब्लूटूथ असला तर कॉलचा आवाज त्या चिपकडे फिरकतच नाही आणि स्टिरिओ मिक्सला काही ऐकू येत नाही.

ऑडॅसिटीचा खरा उपयोग नंतर. त्यात एफएफएमपेग (तऱ्हेतऱ्हेच्या फाइली उघडून देणारं जोड-सॉफ्टवेअर) जोडलं की ओबीएसची एमकेव्ही फाइल उघडता येते आणि कुठला ट्रॅक हवा तेही ते विचारतं. शब्दांकन करताना मी फक्त समोरच्याचा ट्रॅक काढून घेते. आपले हुंकार मधे येत नाहीत, दोघं एकदम बोललेली वाक्यंही सुटी ऐकू येतात. जपून ठेवायला तो एकपदरी (मोनो), ६४ केबीपीएसच्या एमपी३मध्ये काढला तर तासाभराची फाइल तीस एमबीच्या आत बसते. तीच सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ वेव्हमध्ये ठेवली तर सहाशे एमबीच्या वर जाते.

हेडफोन, पिना आणि घरघर

ब्लूटूथ टाळा. निव्वळ ऐकताना ब्लूटूथ हेडफोन चांगल्या स्टिरिओत चालतो, पण त्याचा माइक सुरू झाला की तो ‘हँड्स-फ्री’ अवस्थेत जातो आणि आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरतो. जुन्या लँडलाइनसारखा डबडा आवाज येण्याचं कारण ते. शिवाय विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन उपकरणं दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री. कॉल सुरू झाला की आवाज दुसऱ्यात उडी मारतो आणि पहिल्यावर डोळा ठेवून बसलेला ओबीएस रिकाम्या हाताने परततो. ब्लूटूथच वापरायचं असेल तर डेस्कटॉप ऑडिओमध्ये हँड्स-फ्री नाव निवडा.

घरच्या असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर दुसरी गंमत असते. मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, हिरवं ऐकण्याचं आणि गुलाबी माइकचं. मोबाइलच्या इअरफोनची पिन मात्र एकच, तिच्यावर तीन काळे किंवा पांढरे वेढे असतात आणि माइकची तारही त्याच पिनेत असते. ती हिरव्या भोकात घातली की ऐकू येतं, पण माइक मुका. यासाठी एका टोकाला एक भोक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना असलेला स्प्लिटर मिळतो, कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात. खर्च करायचाच असेल तर तार असलेला यूएसबी हेडसेट घ्या. त्यात माइक आणि हेडफोन दोन्ही एकाच घड्याळावर चालतात, म्हणून लांबलचक कॉलमध्ये दोन आवाज एकमेकांपासून सरकत नाहीत. वेगवेगळ्या उपकरणांवर वेगवेगळ्या रेकॉर्डरने टिपलेल्या फाइली तासाभरात चांगल्याच मागेपुढे झालेल्या दिसतात. एकाच आवाजाचा सूर खाली गेला असेल, माणूस सुस्तावून बोलल्यासारखा वाटत असेल, तर ४८,००० हर्ट्झवर टिपलेली फाइल कुठेतरी ४४,१०० ने वाजतेय. दोन्ही उपकरणांच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये आणि ओबीएसमध्येही ४८ किलोहर्ट्झ ठेवलं की हे टळतं.

रेकॉर्डिंगमध्ये सतत एक जाड ‘हं…’ ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आणि बहुधा अर्थिंगचा आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये कोंबला की तिसरी पिन, म्हणजे अर्थिंगच, हवेत राहते. तेवढा कॉल बॅटरीवर करा आणि सॉकेट इलेक्ट्रिशियनला दाखवा, कारण तो प्रश्न निव्वळ रेकॉर्डिंगचा नाही.

समोरच्याचा आवाज दोनदा, किंचित मागेपुढे येत असेल तर तुम्ही स्पीकर उघडा ठेवलाय. एकदा तो डेस्कटॉप ऑडिओतून येतो, एकदा खोलीतून माइकमध्ये. हेडफोन लावा, संपलं.

कॉल सुरू होताच बाकीचे आवाज दबतात, हीही तक्रार असते. त्याच जुन्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ टॅब आहे. संभाषण सुरू झाल्यावर इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असा विंडोजचा मूळ नियम तिथे असतो. ‘डू नथिंग’ निवडा. आणि माइकची पट्टी मुळीच हलत नसेल, तर प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये मायक्रोफोनच्या पानावर अगदी खाली ‘डेस्कटॉप ॲप्स’ना परवानगी आहे का ते बघा. ओबीएस त्याच गटात मोडतो.

गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर

संभाषणासाठी वरचं सगळं पुरतं. पण कुणी अमेरिकेतून पुण्यातल्या गुरुजींकडे गाणं शिकत असतं, कुणाला आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या हव्या असतात. तिथे वेगळीच अडचण येते. कॉलची ॲप्स माणसाचं बोलणं राखतात आणि बाकी सगळं गोंगाट समजून पुसतात. तानपुऱ्यासारखा एकसंध चालणारा नाद त्यांना पंखाच वाटतो. ‘सा’ लांबवला की तोही मधेच विरतो. रेकॉर्डरमध्ये कितीही खटपट केली तरी हे सुधारत नाही, कारण आवाज तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच कापला गेलेला असतो. उपाय गाणाऱ्याच्या बाजूला करायला हवा. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे. ती गाणाऱ्याने स्वतःच्या मशीनवर चालू करायची. वयस्कर मंडळींना हे फोनवर समजावणं सोपं नाही, पण घरातल्या नातवंडाला गाठलं तर होतं.

झूमचा विषय निघालाच आहे तर, समोरचे झूमवर यायला तयार असतील तर ओबीएसची गरजच नाही. फुकट खात्यावरही यजमानाला आपल्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करता येतं. सेटिंग्जमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलीत ठेवण्याची टिक आहे, ती आधी करून घ्या. अडचण ४० मिनिटांच्या मर्यादेची. रंगात आलेल्या माणसाला मधेच थांबवून पुन्हा जोडायला लावणं मला जिवावर येतं, म्हणून मुलाखतीसाठी मी ते वापरत नाही. मीटिंग संपल्यावर फाइल रूपांतरित होत असते. ते पुरं होईपर्यंत लॅपटॉप मिटू नका.

मॅकवर क्विकटाइम समोरच्याचा आवाज घेत नाही. मॅकओएस १३ पासून ओबीएसच तो थेट घेऊ शकतो. त्याआधीच्या मशीनवर ब्लॅकहोल हे आभासी उपकरण टाकून ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये हेडफोन आणि ब्लॅकहोल मिळून ‘मल्टि-आउटपुट डिव्हाइस’ बनवावं लागतं. लिनक्सवाल्यांना पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये ‘मॉनिटर ऑफ’ने सुरू होणारं उपकरण आयतंच मिळतं.

विचारून रेकॉर्ड करा

कॅलिफोर्नियात खासगी संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते, जर्मनीत न विचारता केलेलं रेकॉर्डिंग फौजदारी गुन्हा ठरू शकतं. आपल्याकडेही खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलंय. तेव्हा बे एरियातला मामेभाऊ असो की सांगलीचे काका, रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिलं वाक्य हेच ठेवा: ‘काका, मी हे रेकॉर्ड करतेय, चालेल ना?’ त्यांचं ‘हो, कर की’ फाइलमध्ये राहतं. वर एक फायदा असा, की इथेच थांबून ते उत्तर दुसऱ्या ट्रॅकवर उमटलं का हे ऐकून घेता येतं. ओबीएसच्या मिक्सरमध्ये दोन्ही पट्ट्या आळीपाळीने हलायला हव्यात. एक जरी मेलेली दिसली तर ‘काका, एक मिनिट हं’ म्हणा आणि कागदावरची नावं पुन्हा जुळवून बघा.

एवढं करूनही एकतर्फी फाइल हाती आली, तर ती कुठल्या बाजूची आहे त्यावर सगळं ठरतं. फक्त समोरचा आला असेल तर काही बिघडलं नाही, उत्तरांवरून प्रश्न पुन्हा लिहिता येतात. फक्त तुमचा आवाज आला असेल आणि तुम्ही हेडफोन लावलेला असेल, तर समोरचं बोलणं त्या फाइलमध्ये कधी गेलंच नव्हतं. ते परत आणून देणारं सॉफ्टवेअर नाही, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पण फाइल पुसूही नका. तिच्यात तुमचे प्रश्न ओळीने आहेत, प्रत्येकापुढे उत्तर किती लांबलं तेही कळतं. ती लावून, प्रत्येक प्रश्नाला थांबवत, आठवतंय ते त्याच रात्री लिहून काढा. दोन दिवसांनी तोच मसुदा घेऊन फोन केलात तर बहुतेक माणसं रागावत नाहीत. गाळलेल्या जागा भरतात, आणि पहिल्या वेळी न सांगितलेलं एखाद-दुसरं वरून सांगतात. त्या वेळी मात्र कॉल लावण्याआधी प्लेबॅक टॅब उघडा ठेवा.